आईचा सोमवार

"राधिका, दार उघड. पोट्टे भिजून राहिले बाहेर," सासूबाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर बघत म्हणाल्या.

मी दार उघडलं. पांढरे शर्ट, काळे टाय, काळे रेनकोट आणि डोक्यावर सायकलचं हेल्मेट घातलेली दोन मुलं उभी होती. दारोदार फिरून आपल्या ख्रिस्ती पंथाचा प्रचार करणारी. छातीवर नावाची काळी पाटी. एकावर लिहिलं होतं 'एल्डर हॅन्सन' आणि दुसऱ्यावर 'एल्डर फिफिता'. हॅन्सन आयडाहोचा, काडीसारखा. फिफिता दूर समुद्रातल्या टोंगा बेटांवरचा, दारात मावत नव्हता. एल्डर म्हणजे वडीलधारे, असं मी सासूबाईंना सांगितलं, तेव्हा त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "बाप्पा! मिसरूड तर नीट फुटलं नाही!"

ही २००३ सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. रेडमंडला आम्ही दुसऱ्या मजल्यावरच्या अपार्टमेंटमध्ये राहत होतो. शैलेंद्र, माझा नवरा, सकाळी आठला ऑफिसला जायचा तो सातला उगवायचा. माझ्या व्हिसावर मला नोकरी करता येत नव्हती, गाडी चालवायची भीती वाटत होती आणि पाऊस तर नळ उघडा राहिल्यासारखा चालू. सासूबाई, शोभनाताई, सहा महिन्यांसाठी नागपूरहून आल्या होत्या. दिवसभर आम्ही दोघी एकमेकींचं तोंड बघत बसायचो. त्यामुळे दारावर कुणी टकटक केली की मला सणासारखं वाटायचं.

"कम इन, कम इन," सासूबाई म्हणाल्या. मुलं हलेनात. घरात पुरुषमाणूस नसेल तर आत यायचं नाही, असा त्यांचा नियम होता. मी कानकोंडी झाले, पण सासूबाई एकदम खूश. "पाहा, याला म्हणतात वळण!" त्यांनी दोन फोल्डिंगच्या खुर्च्या बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये टाकल्या, स्वतः स्टूल घेऊन उंबरठ्याच्या आत बसल्या आणि चहा टाकायला सांगितला. तर चहाही चालत नाही! कॉफीही नाही. शेवटी हळद घातलेलं गरम दूध दिलं. फिफिताने एका घोटात संपवलं. हॅन्सनने औषधासारखं घेतलं.

मग दर गुरुवारी ही दाराची बैठक भरू लागली. धर्माचं बोलून झालं की सासूबाई त्यांची चौकशी करायच्या. सकाळी साडेसहाला उठायचं, अभ्यास करायचा, मग दिवसभर दारं वाजवायची. घरच्यांनी दोन वर्षांसाठी पाठवलेलं. सिनेमा नाही, पोरी नाहीत, एकट्याने कुठे जायचं नाही. दिवसाला पन्नास दारं वाजवली तर दोन उघडायची. ती दोन बहुधा म्हाताऱ्यांची असायची. त्यांनी दिलेलं पुस्तक सासूबाईंनी ब्राऊन पेपरचं कव्हर घालून आमच्या देवांशेजारी ठेवलं. वाचणार नव्हत्याच. "पण पुस्तक आहे, पायाला लागायला नको."

सासूबाईंचं इंग्रजी शाळेतलं नव्हतं. त्या नागपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर होत्या. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, आणि ट्रंक कॉल जोडून द्यायचे. कुणाचं लग्न ठरलं, कुणाचं माणूस गेलं, सगळं त्यांच्या हातून जायचं. त्यांची इंग्रजी वाक्यंही तिथलीच होती. फिफिता काही बोलता बोलता अडखळला की त्या म्हणायच्या, "गो अहेड, प्लीज. लाइन इज क्लिअर." आणि एक्स्चेंजची एक सवय त्यांना कायमची लागली होती. फोन त्या कधीही आधी ठेवत नसत. समोरच्याने ठेवल्याचा आवाज आला की मगच. "पार्टीचं बोलणं संपलं की नाही, आपण कोण ठरवणार?" असं म्हणायच्या.

जानेवारीत फिफिताचा चेहरा उतरलेला दिसला. तो नुसता ग्लासकडे बघत बसला होता. हॅन्सननेच सांगितलं. त्यांना घरी फोन करायची परवानगी वर्षातून दोनदाच. नाताळला आणि मे महिन्यातल्या मदर्स डेला. फिफिताच्या आईकडे फोन नव्हता, ती गावातल्या दुकानात, तिथल्या फोनपाशी येऊन बसणार होती. याने पंचवीस डिसेंबरला सकाळी दहाला फोन लावला. घंटा वाजत राहिली, कुणी उचलला नाही. परवा आईचं पत्र आलं. ती नाताळच्या दिवशी सकाळपासून दुकान बंद होईपर्यंत बाकावर बसून होती. बरोबर डब्यात जेवण नेलं होतं.

सासूबाईंनी डोळे मिटले. ओठ हलले. मग म्हणाल्या, "अरे वेड्या, तुझा पंचवीस तारखेचा दिवस उजाडला, तेव्हा तिची सव्वीस होती. तुझा देश तारीख बदलणाऱ्या डेटलाइनच्या पलीकडे आहे. एकवीस तास पुढे."

फिफिताने मान हलवली. ते त्याला पत्र आल्यावर कळलं होतं. तो हळूच म्हणाला, "आय थॉट क्रिसमस इज क्रिसमस."

सासूबाई तडक आत गेल्या आणि कॉर्डलेस फोन घेऊन आल्या. कॉलिंग कार्डही. "घे. आत्ता लाव."

"आय कान्ट, मावशी." मावशी म्हणायला मीच शिकवलं होतं.

"आईला फोन करायला कसला आलाय नियम? मी कुणाला सांगणार नाही."

त्याने फोनकडे असं पाहिलं की मला वाटलं, घेतोय. हॅन्सन बिचारा पावसाकडे बघत उभा राहिला. पण फिफिताने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. "आईला कळलं तर तीच रागवेल," तो म्हणाला. "आणि मावशी, मे महिन्यातही असंच झालं ना, तर मी घरी निघून जाईन. मला नाही जमायचं."

ते गेल्यावर सासूबाई चिडचिड करत राहिल्या. रात्री जेवताना अर्ध्या घासावर थांबून म्हणाल्या, "दिवसभर बाकावर बसून राहिली गं ती." मला कळलं, हे प्रकरण आता त्यांचं झालं. तीस वर्षांच्या नोकरीत एखादा कॉल लागला नाही की त्यांना झोप यायची नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी शैलेंद्र घरी होता म्हणून आम्ही दोघांना जेवायला बोलावलं. पहिल्यांदाच बूट काढून आत आले, सोफ्यावर अंग चोरून बसले. आणि म्हणतात काय, आज आमचा उपवास आहे! प्रत्येक महिन्याचा पहिला रविवार.

माझी श्रीखंड-पुरी तशीच. सासूबाईंना मात्र हर्ष झाला. "उपवास? मग आधी नाही का सांगायचं!" साबुदाणा त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या त्यांच्या सोमवारच्या उपवासासाठी सकाळीच भिजत घातला होता. वीस मिनिटांत खिचडी तयार. शेंगदाण्याचं कूट, बटाटा, वरून लिंबू. ताटल्या समोर ठेवल्या. मुलं एकमेकांकडे बघायला लागली.

"मावशी, वुई डोन्ट ईट एनीथिंग."

"हो ना, म्हणूनच तर ही. ही चालते."

"पाणीसुद्धा नाही."

सासूबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. उपवासाला काहीच खायचं नाही, ही कल्पनाच त्यांना राक्षसी वाटली. शैलेंद्र हसून हसून लाल झाला. शेवटी खिचडी स्टीलच्या डब्यात भरली, संध्याकाळी उपवास सुटल्यावर खायला. जाताना फिफिताने विचारलं, हे मणी कशाचे? मी पाकीट आणून वाचून दाखवलं. टॅपिओका. तो ओरडलाच, "मानिओके!" ज्याचा साबुदाणा करतात, तोच कंद त्याच्या आईच्या मळ्यात होता. ती रोज उकडायची. डबा त्याने रेनकोटच्या आत छातीशी धरून नेला.

पुढच्या गुरुवारी डबा घासूनपुसून परत आला. सासूबाईंनी झाकण उघडून पाहिलं आणि मुद्दाम तोंड वाकडं केलं. "आमच्यात रिकामा डबा परत देत नाहीत." त्यानंतर डबा कधी संत्रं घेऊन आला, कधी दोन बिस्किटं, एकदा तर नुसतं चिमूटभर मीठ.

एप्रिलमध्ये सासूबाईंचं तिकीट होतं. त्याआधी एका गुरुवारी त्यांनी फिफिताला समोर बसवून पत्र लिहायला लावलं. पत्र पोचायला तीन आठवडे लागतात, हे त्यांनी विचारून घेतलं होतं. एका कार्डावर ठळक अक्षरात स्वतः लिहून त्याच्या हातात दिलं: 'तुझा रविवार, ९ मे, दुपारी बारा. आईचा सोमवार, १० मे, सकाळी आठ.' एप्रिलमध्ये इथली घड्याळं एक तास पुढे करतात, तेही धरलं होतं. "आईला लिही, रविवारी येऊ नको. सोमवारी ये. आणि दुकानदाराला आधीच सांगून ठेव, लाइन मोकळी ठेव म्हणावं."

पत्र गेलं. पुढच्या आठवड्यात त्याची बदली झाली, उत्तरेकडच्या कुठल्याशा गावी. दर सहा आठवड्यांनी असं कुणाचं तरी व्हायचंच. निरोप घ्यायलाही आला नाही, यायला वेळच मिळाला नाही म्हणे. खिचडीचा डबा त्याच्याकडेच राहिला. सासूबाई विमानात बसेपर्यंत एवढंच म्हणत होत्या, "कार्ड नेलं असेल ना त्यानं?"

मेच्या मध्यावर दार वाजलं. हॅन्सन होता, बरोबर एक नवा मुलगा. हातात आमचा डबा. त्यांच्या कुठल्याशा सभेत फिफिता भेटला, त्यानेच दिला म्हणे. आत एक मातकट कंद आणि त्याखाली सासूबाईंचं कार्ड. मागे फिफिताने लिहिलं होतं: 'मावशी, आई सातलाच येऊन बसली होती.'

मी ताबडतोब नागपूरला फोन लावला.

"लागला का?" त्यांनी हॅलोसुद्धा म्हटलं नाही.

"लागला, आई. चाळीस मिनिटं बोलला म्हणे."

"आवाज स्वच्छ होता?"

"हो. पण पहिली पाच मिनिटं दोघं नुसती रडत होती, हॅन्सन सांगत होता."

"रडू दे. लाइन तर चालू होती ना?" मग नाक ओढल्याचा आवाज आला. "आता तो राहील बघ."

तो राहिला. दोन वर्षं पुरी करून घरी गेला, एवढंच कळलं.

सासूबाई २००७ च्या ऑगस्टमध्ये गेल्या, झोपेतच. त्याच्या आदल्या शनिवारी आमचं बोलणं झालं होतं. मला तोवर नोकरी लागली होती, गाडीही चालवायला लागले होते, कुठेतरी पोचायची घाई होती. त्या मेथीच्या लाडवांबद्दल काहीतरी सांगत होत्या. मी म्हटलं, "आई, ठेवते हं, उशीर होतोय."

"ठेव, ठेव," त्या म्हणाल्या.

आणि मी ठेवला. त्या पलीकडे रिसीव्हर कानाला लावून थांबल्या असणार, मी ठेवल्याचा आवाज येईपर्यंत.