चहा उकळेपर्यंत चालणारं इंजिन

मित्रांनो, मी एक जुनं पेट्रोलचं इंजिन आहे. ट्रकचं वगैरे नव्हे. चार माणसं आणि एक ट्रंक कशीबशी मावेल अशा छोट्या गाडीचं. पोटात चार सिलिंडर, आणि आवाज शिलाई मशीनच्या थोरल्या भावासारखा. या वयात बढाया मारू नयेत म्हणतात, पण मला दुसरा उद्योग तरी काय आहे?

जन्माची गोष्ट थोडक्यात सांगतो. लोखंड वितळवून मला साच्यात ओतलं, कापलं, भोकं पाडली, घासलं. तेव्हा दुखलं का, ते आठवत नाही. पहिली ठिणगी पडली आणि चौघे सिलिंडर एका सुरात धडधडले, ते मात्र आठवतं. कारखान्यातला तपासनीस म्हणाला, "ठीक आहे." माझं पहिलं कौतुक ते एवढंच.

पहिल्या मालकाने मला नुसतं दामटलं. तेल कधी बदललं नाही, आणि मी धूर सोडायला लागलो तेव्हा विकून मोकळा झाला. मग मी मास्तरांकडे आलो. मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, टेलर मास्तर. पुढच्या खोलीत त्यांचं दुकान, मागे स्वयंपाकघर आणि त्याला लागून पत्र्याची शेड. तिथे माझा मुक्काम. मास्तर कोट बेतायचे, शिवायचे. काज-बटणं त्यांची बायको करायची. गल्लीतले सगळे तिला वहिनी म्हणत, म्हणून मीही वहिनीच म्हणतो.

मास्तर मला 'गडी' म्हणायचे. सुट्टीच्या दिवशी सकाळी ते तेल मोजायची पट्टी बाहेर काढायचे, जुन्या बनियनच्या तुकड्याने पुसायचे, पुन्हा आत घालून बघायचे. मग मला चालू करून स्क्रू-ड्रायव्हरचं टोक माझ्या अंगाला आणि मूठ स्वतःच्या कानाला लावायचे. "तिसरा कुरकुरतोय," म्हणायचे. तिसरा सिलिंडर आमच्यात पहिल्यापासूनच आळशी. मग लगेच मला बंद करून, झाकण उघडून, व्हॉल्व्हची फट पातळ पात्याने मापायचं काम सुरू व्हायचं.

"माझी काजं कधी इतक्या प्रेमाने बघितली नाहीत!" वहिनी दारातून म्हणायच्या.

"तुझी काजं कुरकुरत नाहीत ना," मास्तर मान वर न करता म्हणायचे.

मग लांबवर फेरफटका. पूल ओलांडून, चढण चढून, पलीकडच्या तळ्यापर्यंत. घरी परतलं की मास्तर बॉनेट उघडायचे आणि माझ्या वरच्या पत्र्याच्या झाकणावर तळवा टेकवायचे. चटका बसला की झटकन हात मागे घेऊन ओरडायचे, "आई गं! गडी मस्त गरम झालाय!"

आतून वहिनी ओरडायच्या, "मग हात कशाला लावता?"

दर वेळी हेच. दोघांनाही कधी कंटाळा आला नाही, आणि मलाही नाही.

पुढे मास्तरांची नजर अधू झाली, तेव्हा वहिनी गाडी चालवायला लागल्या. मास्तर शेजारी बसून कान देऊन असायचे. "गिअर बदल, गडी मागतोय," म्हणायचे. दवाखान्यात गेलो त्या सकाळीही त्यांनी हेच सांगितलं. मान मागे टेकवून, डोळे मिटून बसले होते. उतरताना म्हणाले, "मी येईपर्यंत याला थंड पडू देऊ नकोस. रोज चालू करत जा."

"बरं," वहिनी म्हणाल्या.

मास्तर परत आले नाहीत. काही दिवसांनी वहिनी मला एकट्याच घरी घेऊन आल्या. गिअर उशिरा बदलत होत्या, मी धक्के खात होतो. शेजारच्या सीटवरून कोणी काही बोललं नाही.

वहिनी रडल्या नाहीत. माणसं आली, बसली, गेली. अर्धवट राहिलेले कोट सासरहून आलेल्या लेकीने गिऱ्हाइकांना परत दिले, आणि वहिनी बाहेरच्या शर्टांना बटणं लावायला लागल्या. एकदा सुई बोटात रुतली आणि पांढऱ्या शर्टावर लाल डाग पडला. डाग बघून त्यांना कळलं की बोटात सुई आहे. हे त्यांनी लेकीला शेडमध्ये उभ्या राहून सांगितलं, जणू दुसऱ्याच कोणाची गोष्ट असावी.

माझं काम मात्र त्या विसरल्या नाहीत. रोज सकाळी गॅसवर चहा ठेवायच्या आणि शेडमध्ये यायच्या. चोक ओढून मला चालू करायच्या. स्वयंपाकघरात चहा उकळला की मला बंद करायच्या. मग बॉनेट उघडून झाकणावर तळवा ठेवायच्या, मास्तर ठेवायचे तसा. झाकण गारच असायचं. पण तो तळवाही बधिर होता. आम्हा दोघांपैकी कोणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

मित्रांनो, थंड इंजिनाला चोक ओढून जास्तीचं पेट्रोल पाजावं लागतं. ते सगळं जळत नाही. उरलेलं झिरपत तेलात उतरतं. जळलेल्याची वाफ होते, तिचं आत पाणी होतं. इंजिन खूप वेळ पळालं, चांगलं तापलं, तर हे सगळं उडून जातं. मी कधी तापतच नव्हतो. रोज माझ्या पोटात थेंबभर भर पडत होती. दुखत असतं तर खडखडलो असतो. पण मलाही काही वाटेनासं झालं होतं.

वहिनी पट्टी काढून तेल बघायच्या आणि फोनवर लेकीला सांगायच्या, "तेल जराही कमी झालं नाही बघ. उलट वाढलंय!" त्या दिवसांत त्यांच्या आवाजात जीव यायचा तो तेवढ्यापुरताच.

शेवटी लेक म्हणाली, "आई, गाडी नुसती उभी आहे. एक गिऱ्हाईक बघायला येतंय, येऊ दे?"

"येऊ दे," वहिनी म्हणाल्या. भाजीत मीठ टाकू का विचारल्यावर म्हणावं, तसं.

गिऱ्हाइकाने माझं तेल ओतायचं टोपण उघडलं. आतून सायीसारखा पांढरट चिखल चिकटला होता. त्याने तो जावयाला दाखवला. "इंजिनात पाणी शिरलंय. रेडिएटरचं पाणी अडवणारं गॅस्केट गेलं असणार. ही आता भंगारात घाला." जावयाने तिथल्या तिथे भंगारवाल्याला फोन करून रविवारची सकाळ ठरवली.

वहिनी त्या टोपणाकडे बघत राहिल्या. मास्तरांनी त्यांच्यावर एकच काम सोपवलं होतं, आणि त्यांच्या हातून तेच बिघडलं होतं.

शनिवारी त्यांनी भोंग्याला बोलावलं. भोंगा म्हणजे मास्तरांचा मित्र, नाक्यावरचा मेकॅनिक. त्याचं बोलणं चार घरांपलीकडे ऐकू जातं, म्हणून हे नाव.

"दुरुस्तीला नाही बोलावलं, भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "उद्या गाडी जाणार आहे. माझं काय चुकलं, तेवढं सांगा."

भोंग्याने टोपण बघितलं, पट्टी हुंगली, मग रेडिएटर उघडला. "हे पाणी तर काठोकाठ आहे!" तो गरजला. "थेंब कमी नाही. मग आत शिरलं ते कुठलं, आभाळातलं? वहिनी, शेवटचं लांब कधी गेला होतात?"

"नाही गेले. पण रोज चालू करते. चहा उकळेपर्यंत. ते म्हणाले होते ना, थंड पडू देऊ नकोस."

भोंग्याचा आवाज एकदम खाली आला. "वहिनी, हा इतक्या दिवसांत एकदाही गरम झालेला नाही. याच्याच वाफेचं पाणी याच्या पोटात साचलंय. आणि तेल वाढलं म्हणता, ते पेट्रोल आहे."

"म्हणजे मी जपत होते, ते..."

"जपतच होतात हो. पण आजारी माणसाला उठवून बसवायचं आणि लगेच परत झोपवायचं, असं रोज केलं तर तो चालायला कधी लागणार?"

त्याने पाण्यासारखं पातळ झालेलं तेल काढून नवं भरलं, काजळी धरलेले प्लग बदलले. जाताना म्हणाला, "उद्या याला तळ्यापर्यंत पळवा. आत काही उरलं असेल ते उडून जाईल. जमणार नसेल तर भंगारवाल्याला खुशाल देऊन टाका. पण तो चहाचा खेळ बंद."

रविवारी सकाळी वहिनींनी चहा ठेवलाच नाही. येऊन बसल्या, मला चालू केलं आणि स्टिअरिंग धरून नुसत्या बसून राहिल्या. मला वाटलं, झालं, आता बंद करतील. पण त्यांनी गिअर टाकला. पहिल्या झटक्यात मी बंद पडलो. दुसऱ्यांदा त्यांनी क्लच हळू सोडला, आणि आम्ही गल्लीच्या बाहेर पडलो.

पुलापर्यंत माझ्या सायलेन्सरमधून पांढरी वाफ आणि पाणी निघत होतं. चढणीवर तिसरा एकदाचा जागा झाला. गिअर बदल म्हणून सांगायला शेजारी कोणी नव्हतं. मीच गुरगुरून मागितला, आणि वहिनींनी बदलला. तळ्यापाशी पोहोचेपर्यंत वाफ संपली होती. माझ्या पोटातला गारठा गेला होता. मला पुन्हा सगळं जाणवत होतं, खड्डे आणि जुनी दुखणीसुद्धा.

घरी परतलो तर दारात भंगारवाल्याचा टेम्पो, आणि लेक-जावई काळजीने रस्त्याकडे बघत उभे. मला बंद करून वहिनी उतरल्या, बॉनेट उघडलं आणि नेहमीसारखा तळवा झाकणावर ठेवला.

"आई गं!"

हात झटकन मागे आला. लाल झालेला तळवा तसाच धरून त्यांनी घराच्या दाराकडे बघितलं. क्षणभर वाट बघितली.

आतून कोणी विचारलं नाही, मग हात कशाला लावता म्हणून.

तेव्हा वहिनी रडल्या. मडगार्डला धरून, खाली बसून, मोठ्याने रडल्या. लेक धावत आली, "आई, फार भाजलं का गं?"

"हो गं, भाजलं," वहिनी म्हणाल्या. "फार भाजलं." आणि बऱ्याच वेळाने, नाक पुसत म्हणाल्या, "टेम्पोवाल्याला चहा दे आणि जायला सांग. गाडी द्यायची नाही."

आता दर रविवारी आम्ही तळ्यापर्यंत जातो. तिसरा अजून कुरकुरतो. मित्रांनो, तुमच्याकडेही काहीतरी जपून ठेवलेलं असेल. यंत्र असेल, माणूस असेल. त्याला रोज नुसतं चहा उकळेपर्यंत जागं करू नका. बाहेर काढा, लांबवर न्या, आणि परत आल्यावर हात लावून बघा. चटका बसला, तर हात मागे घेतलात तरी चालेल. पण परत लावायला या.