जाड सालीचं फळ

रोवेना माझी सून, कॅल्विनची बायको. तिला रक्ताचा कॅन्सर आहे. जुनं औषध तिच्या वाईट पेशींना लागेनासं झालं. निर्ढावल्या आहेत, असं डॉक्टर सुमेधाबाई म्हणाल्या. म्हणून आधी एक गोळी, पेशी नरम पाडायला. मग तेच जुनं इंजेक्शन, त्यांना मारायला. हे मला लगेच कळलं. आडमुठ्यांना नरम कसं करायचं ते मला कोणी शिकवायला नको, चार दीर सांभाळलेत मी.

खाण्याचं मीच विचारलं. बाई म्हणाल्या, "पातळ सालीचं फळ नको, जंतू असतात. जाड सालीचं, घरी सोललेलं द्या."

आमच्या भुईगावच्या वाडीत पपनसाएवढी जाड साल दुसऱ्या कशाची आहे? रोज सोलायचे, पांढरा पापुद्रासुद्धा काढून. रोवेनाला भात लोखंडासारखा लागायचा, पण पपनस खायची. शेजारच्या शकूला मी ऐकवलंसुद्धा, "डॉक्टरपेक्षा माझं झाड बरं."

काल रक्त तपासलं. चांगल्या पेशीही इतक्या उतरल्या होत्या, की बाईंनी गोळी थांबवली.

"आजी, ही काय काय खाते?"

मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "पपनसाने ही गोळी अंगात साचते. एक घेतली तरी जास्त घेतल्यासारखी होते."

"मग आधी सांगायला काय झालं होतं?"

"मम्मी," कॅल्विन म्हणाला.

"तू गप्प बस. जाड साल ह्यांनीच सांगितली."

बाई म्हणाल्या, "ग्रेपफ्रूट नको, हे कॅल्विनना सांगितलं होतं. पपनस त्याच्याच जातीचं. तेही नाव घ्यायला हवं होतं मी."

"ग्रेपफ्रूट आमच्या वाडीत बघितलंय कोणी?" मी म्हटलं. "आता पुढे काय?"

"रक्त सुधारलं की गोळी परत."

"आणि तोवर त्या पेशी पुन्हा ताठ झाल्या तर?"

"होऊ शकतं," त्या म्हणाल्या.

घरी येऊन शकूला हाक मारली. "आकडी घेऊन ये. सगळी पपनसं उतरव आणि ने."

"कधी हात लावू दिला नाहीस गं झाडाला, आज काय?"

"बडबड नको. उतरव."

रोवेना खाटेवरून बघत होती. "मम्मी, एक फोड."

"नाही."

"गोळी तर बंदच आहे."

"परत सुरू व्हायची आहे."

"मग काय खाऊ मी? तुम्हीच सांगा."

मी केळं सोललं. तिच्या हातात देणार, तेवढ्यात थांबले. कॅल्विनला म्हटलं, "बाईंना फोन लाव. केळं चालतं का विचार."

फोन लागेना. केळं काळं पडायला लागलं, आणि रोवेना भिंतीकडे तोंड करून झोपली.