शिंप्याच्या भिंतीतली बोटभर फट

मी एक जुनी फट आहे. मित्रांनो, मला कुणी घडवलं नाही, मी राहून गेले. शिंप्याच्या घराला लागून एक नवी खोली बांधली, पण भिंतीला भिंत नीट भिडली नाही. बाहेरच्या अंगाला, छपरापासून जोत्यापर्यंत, बोटभर रुंदीची मी तेवढी उरले.

आधी माझी कुणाला अडचण नव्हती. मुंग्यांनी माझ्यातून वाट केली, शिंप्याच्या मुलीने खडूचे तुकडे लपवले. नव्या खोलीत शिलाई मशीन आलं आणि भिंतीलगत आबांची खाट. आबा म्हणजे शिंप्याचे वडील. त्यांचाही धंदा हाच, पण आता त्यांना सुईचं नेढं दिसत नव्हतं.

पावसाळ्यात माझ्यातून पाणी झिरपलं. खाटेच्या उशाशी तळहाताएवढी ओल उमटली. शिंप्याने हाताशी होतं तेच घेतलं. चिंध्या! बाहेरून त्या माझ्यात ठासून भरल्या. वातीने तेल ओढावं तसं चिंध्यांनी पाणी आत ओढलं. ओल खाटेभर पसरली. आबांना खोकला जडला.

"आबा, पुढचा पावसाळा ताईंकडे काढा," सून म्हणाली. ताई म्हणजे आबांची लेक. "इथं छाती भरते तुमची."

"तिकडं सगळं आहे गं, मशीन नाही. ती खडखड ऐकल्याशिवाय माझा डोळा लागत नाही."

उन्हाळ्यात सुनेचा भाऊ आला. तो गवंडी. माझ्यातून चिंध्या उपसताना त्याला हसू आवरेना. "दाजी, भिंतीला अस्तर लावत होतात काय?"

"हसायला तुझं काय जातं? बुजव बघू."

त्याने घट्ट सिमेंट भरलं. मी गुळगुळीत झाले. येणारेजाणारे वाखाणू लागले. पण मित्रांनो, उन्हात भिंती फुगतात, गारव्यात आक्रसतात, आणि माझ्या दोन्ही भिंतींची चाल वेगळी. सिमेंट काही ताणलं जाईना. आभाळ भरू लागलं तोवर ते एका कडेने सुटलं. सुनेने आबांचे कपडे पिशवीत भरले आणि पिशवी दाराजवळच्या खुंटीला लावली.

गवंड्याला पुन्हा बोलावलं. आबाही काठी टेकत बाहेर आले. माझ्या कडेवरून त्यांनी बोट फिरवलं.

"तंग शिवलेला सदरा काखेत उसवतो," ते म्हणाले. "तसंच झालंय हे. मधे ताणलं जाईल असं काही नाही का रे तुझ्याकडे?"

गवंड्याने मान खाजवली. "आहे, आबा. मोठ्या इमारतींच्या सांध्यात तेच भरतो. बहिणीच्या घरी सुचलंच नाही बघा."

सिमेंट खरवडलं. मला झाडलं, उन्हात सुकू दिलं. मग फोमची मऊ दोरी आत दाबली आणि तिच्यावर नळीतून रबरासारखा लगदा भरून ओल्या बोटाने सारखा केला.

पाऊस आला. शिंपी खाटेमागच्या भिंतीला तळहात लावून उभा राहिला. तळहात कोरडाच राहिला, तसा तो मशीनवर जाऊन बसला. थोड्या वेळाने मशीनच्या खडखडाटात आबांचं घोरणं मिसळलं.

मित्रांनो, पावसाआधी घराला बाहेरून एक फेरी मारा. माझ्यासारखी कुणी दिसली तर नुसतं काहीतरी कोंबू नका. आधी साफ करा, सुकू द्या, आणि भराल ते ताणलं जाईल असं भरा.

आबांची पिशवी अजून त्याच खुंटीला आहे. तिच्यात आता चिंध्या ठेवतात.