दोष माझ्या पट्ट्यात नव्हता

मित्रांनो, मी जुनी शिलाई मशीन आहे. भंगार नाही. ज्यांना हे दोन्ही एकच वाटतं त्यांनी आधी माझ्यासमोर बसावं, एक टीप मारून बघावी आणि मग तोंड उघडावं.

ओतीव लोखंडाचे पाय, काळी कुळकुळीत मान, खाली पायाने चालवायचं पायडल, असं माझं रूप. माईने मला घरी आणलं तेव्हा ती नवी सून होती. तिची सासू म्हणाली, "हे धूड ठेवायचं कुठे?" माईने खिडकीखालची जागा दाखवली आणि विषय संपवला. तेव्हापासून मी तिथेच उभी आहे. झबली, पडदे, उशांचे अभ्रे आणि अख्ख्या गल्लीतल्या मुलांचे गणवेश माझ्या सुईखालून गेले. टीप सरळ येते म्हणून लोक कौतुक करायचे. मी ऐकून घ्यायचे. खरं तेच बोलतात, त्यात लाजायचं काय?

माईची जीभ तिखट. गिऱ्हाइकाने घाई केली की म्हणायची, "मग कापड अंगाला गुंडाळून जा की! शिवायला कशाला आणलंस?" पण जेवायच्या वेळी हीच बाई मुकी व्हायची. दूध नातवंडांना, दही मुलाला, अंडं सुनेला. स्वतः माझ्याजवळ बसून कोऱ्या चहात पाव बुडवायची. सून ताट घेऊन आली की हात हलवायची, "मला भूक नाही गं, तू जेव." वर्षानुवर्षं हेच चाललं.

मग माझी टीप बिघडली. म्हणजे, असं सगळे म्हणायला लागले. पायडलवर पाय ताल सोडून पडला की माझं चाक उलटं फिरतं आणि दोरा गुंततो. ते आता घडीघडी व्हायला लागलं. गणवेश परत आले. माईने मिस्त्रीला बोलावलं. त्याने पट्टा बदलला, शटल साफ केलं, तेल घातलं. तरी तेच.

"वय झालं हिचं, माई," मिस्त्री म्हणाला.

"तुझं नाही झालं? तुला कुणी मोडीत काढलं का?"

पण तो गेल्यावर तीच माझ्यावर घसरली. "या मेलीच्या पायडलने माझ्या पायाला मुंग्या आणल्या." मी आणल्या! दोन पायऱ्या चढून ती धापा टाकायची, चेहरा फिका पडला होता, जीभ लालभडक होऊन चुरचुरायची. शेजारीण हसून म्हणाली, "इतकं बोलल्यावर जीभ सोलणारच!" सगळे हसले. माईही हसली. दोष मात्र माझ्याच पदरात.

शाळा उघडायला थोडेच दिवस राहिले होते. मुलाने निर्णय दिला, "आई, ही देऊन टाकू. मोटरवाली आणतो." भंगारवाला आला. दोघांनी मला दोन्ही बाजूंनी उचललं. खिडकीखालची जागा पहिल्यांदाच मोकळी झाली. माई पाठोपाठ दारापर्यंत आली.

आणि सून थबकली. "आई, तुमची एक चप्पल कुठाय?"

"पायातच आहे की."

पायात नव्हती. चप्पल मागे, जिथे मी उभी होते तिथे पडलेली होती, आणि माईला पत्ता नव्हता. सुनेने वाकून तिचा तळवा उचलला. तळव्यात टाचणी रुतलेली होती. थेंबभर रक्त सुकून काळं झालं होतं.

"दुखत नाही?"

"काय दुखायचंय?"

सून ताठ उभी राहिली. नवऱ्याला म्हणाली, "मशीन खाली ठेवा." ओटीवरच स्टूल ओढून ती बसली, चिंधी घेतली आणि पायडल मारलं. टीप आली. दोरीने आखल्यासारखी सरळ! भंगारवाल्यानेही मान हलवली. मी तेव्हा जे खडखडले, तो खडखडाट नव्हता, उत्तर होतं.

सून माईला तडक दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. माईच्या अंगात बी-बारा नावाचं जीवनसत्त्व पार तळाला गेलं होतं. सुनेने घरी सगळं समजावलं. ते लागतं अगदी कणभर. पण रक्त धडपणे बनायला आणि नसांवरचं आवरण शाबूत राहायला तेच हवं. दूध, दही, अंडी, मासे, मटण यांतून ते मिळतं. मिळालं नाही तर शरीर साठवणीतलं काढत राहतं, म्हणून लवकर कळत नाही. साठा संपला की धाप, चुरचुरणारी जीभ, मुंग्या, आणि शेवटी बधिर पाय.

ऐकलंत? पट्टा नाही, शटल नाही, माझं वय नाही!

डॉक्टरीणबाईंनी तिला बाकीची जीवनसत्त्वंही सांगितली होती. 'अ' कमी पडलं की अंधारायला लागल्यावर दिसेनासं होतं. 'क' नसलं की हिरड्यांतून रक्त येतं. 'ड' नसलं तर वाढत्या मुलांची हाडं मऊ राहून पाय वाकतात. मला पलीकडच्या न्हाव्याचा मुलगा आठवला. त्याची विजार वाकडी शिवली म्हणून गल्लीने आम्हाला किती नावं ठेवली होती! शिवण सरळ होती. त्या पोराच्या पायांकडे कुणी बघितलं नाही, एवढंच.

माईला इंजेक्शनं सुरू झाली. आधी जीभ बरी झाली, हे घरातल्या सगळ्यांना लगेच कळलं. मग धाप गेली, रंग आला. आता सून ताट आणते आणि माझ्या चाकावर हात ठेवून उभी राहते.

"आधी अंडं, मग टीप."

"सून आहेस की हवालदार?"

"हवालदार. खा."

माई बडबडते आणि खाते. त्या खेपेचे गणवेश सुनेने माझ्यावर शिवले, ते वेळेवर गेले.

तर मित्रांनो, घरात जी सगळ्यांना वाढते तिच्या ताटात काय आहे, ते आज वाकून बघा. "भूक नाही" म्हणाली तर ऐकू नका. पायाला मुंग्या येतात म्हणाली तर हसू नका, दवाखान्यात न्या. वेळेवर न्या. माईच्या डाव्या पायाची दोन बोटं अजून बधिर आहेत, आणि ती तशीच राहतील असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मला भंगार म्हटलंत, ते मी एक वेळ सोडून देईन. त्या दोन बोटांबद्दल मात्र मी कुणालाच माफ करणार नाही. माझे सुटे भाग बाजारात मिळतात. माईचे मिळत नाहीत.