सर्व्हरचा वेग

द्राक्षांचा हंगाम ऐन भरात आला की दिंडोरी रोडवरच्या त्या निर्यात कंपनीचा मेल सर्व्हर रखडू लागे, आणि सगळ्यांचे फोन सायलीकडे येत. हे काम तिला निवृत्ती सरांनी हाताला धरून शिकवलं होतं. मागल्या हंगामात मॅनेजर शेखर देवऱ्यांच्या हातून मेल पुसले गेले आणि त्यांनी खापर सरांच्या डोक्यावर फोडलं. सर मान खाली घालून निघून गेले, आणि पंचवटीतल्या घरात त्यांनी पुढचा पावसाळा काही पाहिला नाही.

"काहीही कर, पण वेग वाढव," देवरे म्हणाले.

"वाढेल सर. आत्ता प्रत्येक मेल डिस्कवर पक्का उतरेपर्यंत सर्व्हर थांबतो. ते थांबणं बंद केलं तर तो नुसता मेमरीत धरूनच 'लिहिला' म्हणेल. मध्येच वीज गेली, तर उतरला नसेल तो गेलाच."

"यूपीएस आहे ना? कर."

तिने केलं. सर्व्हर पळू लागला, देवऱ्यांची वरपर्यंत वाहवा झाली. सायली वाट पाहत राहिली. मग एका दुपारी, देवरे परदेशी गिऱ्हाइकाशी मेलवरून मोठा सौदा पक्का करत असताना, ती सर्व्हर रूममध्ये गेली आणि यूपीएसमधून सर्व्हरला जाणारी वायर तिने शांतपणे उपसली.

सर्व्हर पुन्हा सुरू झाला तेव्हा कोणाचाही मेल गेलेला नव्हता. फक्त देवऱ्यांचा मेलबॉक्स दिसेना. जुन्या बॅकअपमध्येही तो नव्हता.

"शेखर सर काही बोलले का गं?" तिने शेजारच्या पूजाला विचारलं.

"कोण शेखर सर?"

सायली उठून त्यांच्या केबिनपाशी गेली. आत रिकामी खोकी छतापर्यंत रचलेली होती, आणि त्यांवर जाड धूळ होती.

ऑफिस सुटताना देवरे गेटबाहेर उभे दिसले. शर्ट घामाने भिजला होता.

"सायली, तू तरी सांग यांना. घरी बायकोनंसुद्धा दार लावून घेतलं."

"मॅडम, ओळखीचे आहेत का?" वॉचमनने विचारलं.

तिने देवऱ्यांकडे डोळे भरून पाहिलं.

"नाही," ती म्हणाली. "कोण पाहिजे आपल्याला?"

तिने स्कूटर सुरू केली. गोदावरीच्या पुलावर आली तरी तिच्या ओठांवरचं हसू मावळलं नव्हतं, आणि आपल्याला आज एवढा आनंद कशाचा झालाय, ते तिला काही केल्या आठवत नव्हतं.