पूजेबाहेरचा पाना

विमानातला संडास खाली उतरवून उघडला की जो वास सुटतो, त्याला नाव ठेवायच्या भानगडीत कुणी पडू नये. दीप्ती बैसाणेला त्याची सवय झाली होती. शेवटी घाण ती घाण. हातमोजे घालावेत, धुवावी, मोकळं व्हावं. तिला खरी किळस यायची ती दुसऱ्याच गोष्टीची, आणि ती गोष्ट रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, कपाळाला चंदन लावून, हसत हसत तिच्या टेबलापाशी येऊन उभी राहायची.

योगराज सर म्हणजे वर्कशॉपचे मॅनेजर. सुरतेतच, लिंबायतच्या गल्लीत वाढलेला अस्सल खानदेशी माणूस. सुरतच्या विमानतळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर ही कंपनी होती. एअरलाइन्सच्या विमानांतून काढलेली चाकं, ब्रेक, सीटा आणि संडास तिथे दुरुस्तीला यायचे. बाकीच्यांशी सर गुजरातीत बोलायचे, दीप्तीशी मात्र घरच्या अहिराणीत. "बेटा, तुना हात साफ शे. दुसराले हाई काम जमाव नही." वर आग्रह, की मला काका म्हण. दीप्ती सरच म्हणायची.

दीप्तीला जायचं होतं ब्रेक विभागात. डिप्लोमा तिचा तोच होता, जो ब्रेकवाल्या पोरांचा. ब्रेकचं ट्रेनिंग तिने घेतलं होतं, परीक्षेत ती त्यांच्या पुढेच होती. पण मुलाखतीत आडनाव विचारून झालं, गाव कुठलं, वस्ती कुठली तेही विचारून झालं, आणि तिला संडासाचं टेबल मिळालं. तिच्यामागून आलेली पोरं थेट ब्रेकवर बसली. ती कुरकुरली की सर म्हणायचे, पुढच्या वर्षी बघू. तिचे वडील पोपट बैसाणे रेल्वेत गाड्यांचे डबे धुवायला लागले आणि डबे धुता धुताच निवृत्त झाले. त्यांनाही साहेब लोक पुढच्या वर्षी बघणार होते. आपलं तसं होऊ द्यायचं नाही, एवढं एकच दीप्तीने मनाशी घट्ट धरलं होतं.

दसऱ्याला वर्कशॉपमध्ये हत्यारांची पूजा असायची. मधोमध टेबलावर लाल कापड, झेंडूच्या माळा, आणि त्यावर प्रत्येक विभागाची पेटी रिकामी करून मांडलेले पाने, पकडी, स्क्रू-ड्रायव्हर. यंदा सरांच्या भक्तीला भरतं आलं होतं. नट किती जोराने आवळायचा ते मोजून दाखवणारे टॉर्कचे पाने, हजारोंच्या मोलाचे, त्यांनी परातीत घेतले आणि चक्क दुधाने न्हाऊ घातले. मग पाण्याने, मग हळदीने. पोरांनी "चालो, आरती" म्हणून टाळ्या धरल्या.

दीप्तीची पेटी संडासाच्या खोलीतच होती. सर मान तिरकी करून म्हणाले, "ती तठेच ऱ्हाऊ दे बेटा. देवनं काम शे, तुले समजस ना."

समजत होतं. न समजायला काय झालं? दीप्ती ती पूजा मानत नव्हती. तिच्या घरी दसरा म्हणजे धम्मचक्र प्रवर्तन दिन. सुटी झाली की पांढरी साडी नेसून डिंडोलीच्या विहारात वंदनेला जायचं होतं. त्या हळदीकुंकवाचा टिळा तिला आपल्या पान्यावर नकोच होता. पण नको म्हणायचं तर ते तिने म्हणायला हवं होतं. इथे कुणी विचारलंच नाही. वर फाफडा-जिलेबी वाटताना सरांनी तिच्या कागदावर जिलेबी अशी वरून सोडली, जशी वाटेतल्या कुत्र्याला भाकरी टाकावी. आणि चेहऱ्यावर हसू तसंच. केसाने गळा कापावा तो असा! दीप्तीने ती जिलेबी कागदासकट कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि हात साबणाने धुतले. दिवसभर संडासाच्या टाक्या धुऊनही तिला हात इतके घाण वाटले नव्हते.

दुसऱ्या दिवशी एका एअरलाइनचं विमान ब्रेकपायी जमिनीवर अडकून पडलं. दुरुस्त केलेला ब्रेक दुपारपर्यंत हवाच होता. एअरलाइनचा माणूस स्वतः येऊन बसला. पोरांनी ब्रेक जोडायला घेतला, टॉर्कचा पाना उचलला, आणि त्या माणसाने विचारलं, "याचं स्टिकर कुठंय?"

पाना बरोबर मोजतो आहे, हे तपासून त्यावर तारखेचं स्टिकर चिकटवलेलं असतं. स्टिकर नसलेला पाना विमानाला लावायचा नाही, हा नियम शिकाऊ पोरालाही पाठ. ती सगळी स्टिकरं दूधपाण्यात सुटून गटारात गेली होती. काही पान्यांच्या खाचेत हळदीचा लगदा अजून ओला होता. पाने पुन्हा तपासायला अहमदाबादला पाठवायचे म्हणजे विमान तिथेच कुजणार. सरांच्या कपाळावरचं चंदन घामाने ओघळलं.

अख्ख्या वर्कशॉपमध्ये स्टिकर शाबूत असलेला त्या मापाचा एकच पाना होता. टाकीच्या पट्ट्या आवळायला दीप्तीला दिलेला.

अडला हरी! सर संडासाच्या खोलीच्या दारात आले. आत नाहीच आले. उंबऱ्यापाशी उभं राहून त्यांनी हातातली प्लास्टिकची पिशवी उघडून पुढे धरली. "बेटा, तुना पाना याम्हा टाक बरं. पटकन."

दीप्तीने त्या पिशवीकडे पाहिलं. हा पाना ती रोज पुसून, तेल लावून ठेवायची. ब्रेकवाल्यांच्या पान्यांपेक्षा तो लख्ख होता. पण या माणसाला तो पिशवीत हवा होता.

"पाना माझ्या नावावर दिलाय, सर. ज्याच्या नावावर, त्यानेच वापरायचा. तुमचाच नियम." तिने हातमोजे उतरवले. "ब्रेक मी जोडते."

सरांनी मागे वळून पाहिलं. एअरलाइनचा माणूस ऐकत होता. "बरोबर बोलतायत त्या," तो म्हणाला. "ट्रेनिंग झालंय ना? मग अडचण काय?"

अडचण काय होती ते पोटातच ठेवून सर दारातून बाजूला झाले.

दीप्तीने ब्रेक जोडला. आधी पोरांना टेबल पुसायला लावलं, कारण तिथे अक्षता सांडल्या होत्या, आणि त्यातला एक दाणा ब्रेकमध्ये तेल जायच्या तोंडात गेला असता तर धावपट्टीवर देवाचं नाव घ्यायची वेळ प्रवाशांवर आली असती. मग एकेक नट ठरल्या क्रमाने आवळत गेली. पान्याची टक् अशी खूण हाताला कळली की तिला आतून बरं वाटत होतं. ब्रेक दाबाच्या चाचणीत पहिल्याच फेरीत पास झाला. एअरलाइनच्या माणसाने जाता जाता सरांना बजावलं की आमचे ब्रेक यापुढे यांच्याकडेच द्या.

गाडी फाटकाबाहेर गेल्यावर सर तिच्याजवळ आले. खूश होते. "चला, सोमवारपासून तू ब्रेकवर. मी कव्हयपासून म्हणतच होतो ना?"

दीप्तीच्या छातीत क्षणभर काहीतरी उजळलं. वडिलांना फोन करावा असं वाटलं.

सरांनी आवाज खाली आणला. अगदी घरच्यासारखा. "फक्त ते टेबल रिकामं पडी. तुन्या वस्तीमा कोनी शे का? तुमनामधलंच पाहिजे. बाकीना टिकतस नही."

या माणसाला आपण काही वाईट बोललो, हेसुद्धा कळलं नव्हतं. आणि त्याहून ओंगळ म्हणजे, त्याचं वाक्य संपायच्या आत तिच्या मनात नाव येऊन गेलं होतं: प्रदीप. तिचा धाकटा भाऊ. डिप्लोमा करून बसलेला. कडोदऱ्याच्या कापडाच्या लूममधली नोकरी गेल्यापासून घरात भिंतीकडे तोंड करून झोपणारा. तिला स्वतःच्या डोक्याची शिसारी आली.

"कुणी नाही," ती म्हणाली. "टेबल सगळ्यांत वाटून द्या. आठवडा आठवडा."

"पोरं काम सोडी देतीन."

"मग मीच बसते तिथे. पण प्रदीपला मी त्या खोलीत येऊ देणार नाही."

बोलून गेल्यावर तिने ओठ दाताखाली धरले.

"प्रदीप? भाऊ का?" सरांचा चेहरा खुलला. त्यांनी खिशातून मोबाइल काढला. "मंग आधी नही का सांगनं! नंबर दे."

"देणार नाही."

"नको देऊ," सर लाडाने म्हणाले. "तुन्या मायना नंबर शे मनाकडे, नोकरीले लागनी तव्हय तूच लिखी देयेल. तिले ईचारस. ती नही म्हनाव नही."

ते नंबर शोधत ऑफिसकडे गेले. दीप्ती पाना हातात घेऊन ब्रेकच्या टेबलापाशी उभी होती, आणि तिला पक्कं माहीत होतं की चंद्रभागाबाई, तिची आई, पहिल्याच फोनला हो म्हणेल, आणि वर त्या माणसाचे आभार मानेल.