पानिपतला जाणारी मालगाडी

पानिपतच्या लढाईत मराठ्यांना ऐन वेळी धान्य मिळालं, आणि ते मनमाडहून मालगाडीने गेलं, हे कुठल्या बखरीत सापडायचं नाही. मला ठाऊक आहे, कारण दर रविवारी अब्दाली मीच असायचो, आणि गाडी पोचली की माझं काम संपायचं.

रणांगण होतं नाशकात, भद्रकालीजवळ, चिमाजी गार्डाच्या ओसरीवर. चिमाजी जन्मभर मनमाड-इगतपुरी मालगाडीवर गार्ड होता. तो निवृत्त झाला त्याच सुमाराला देवळालीच्या छावणीतला एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला. त्याच्या सामानाच्या लिलावात चिमाजीने चावीची आगगाडी उचलली. इंजिन, डबे, सांधा बदलायचा खटका, एक पूल आणि पोतंभर रूळ. ते मांडायला सपाट जागा हवी, म्हणून पठ्ठ्याने घरातली दोन दारं बिजागऱ्यांतून काढली आणि विटांवर आडवी ठेवली. तेव्हापासून त्याची बायको वत्सलाबाई स्वयंपाकघराला जुन्या लुगड्याचा पडदा लावून राहायची. "लोकांच्या घरी लक्ष्मी दारातून येते," ती म्हणायची, "आमच्याकडे दारावरून मालगाडी जाते."

गाडी चिमाजीची, पण सैन्य सलाउद्दीनचं. हा कथड्यात राहायचा. कल्हईवाला. सकाळभर गल्लोगल्ली भाता चालवून लोकांची पातेली उजळायची, आणि दुपारी उरल्यासुरल्या कथलात शिसं मिसळून ते भाजलेल्या मातीच्या साच्यात ओतायचं. शिपाई निघायचा बोटाच्या पेराएवढा. मग रंग. कुंचला खारीच्या शेपटीचा. अंगरख्याला चिमूटभर केसांचा, मिशीला दोन-तीन केसांचा, आणि डोळ्याला एकच केस, तोही खार तरुण असली तर. त्याने रंगवलेल्या घोड्यांच्या मागून मुंग्या जात नसत, लाथ बसेल म्हणून. पुढून वळसा घालायच्या. एका सरदाराचा चेहरा इतका तिरसट उतरला होता की बाकीचं पथक त्याच्यापासून रोज थोडंथोडं सरकायचं, आणि रविवारी आम्हाला ते पुन्हा जवळ आणावं लागायचं. यातलं जे खोटं वाटेल ते वगळा. उरेल तेही पुष्कळ आहे.

सगळ्या सैन्यात त्याचा जीव होता तो गारद्यांवर. गारदी म्हणजे मराठ्यांकडचं कवायती पायदळ आणि तोफखाना. त्यांत पुष्कळ मुसलमान होते, आणि पानिपतावर ते मराठ्यांच्या बाजूने मरेपर्यंत लढले. सलाउद्दीनच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते की त्याच्या खापरपणजोबाचा बाप त्यांतलाच एक. कागद नाही, पत्र नाही, नुसतं तोंडी. पण त्या माणसाचा चेहरा कुणी पाहिला होता? म्हणून सलाउद्दीनने घरातलेच चेहरे घातले. तोफेशी बाप, बत्ती धरलेला चुलता, दारूच्या पेटीवर बसलेला प्लेगात गेलेला थोरला भाऊ निसार. आणि सगळ्यांच्या पुढे भगवं निशाण धरलेला तो मूळपुरुष. त्याच्या नाकावर तीळ होता, कारण तो त्यांच्या घराण्यात सगळ्यांनाच असतो. मी भिंग लावून पाहिलाय. दुसऱ्या नाकपुडीवर घाम होता.

'गार्ड' आणि 'गारदी' हे मुळात एकच, फिरंग्यांचा शब्द आपल्या तोंडी बसला तो असा, हे सलाउद्दीनला कुणी पेन्शनर मास्तराने सांगितलं होतं. तेव्हापासून तो चिमाजीला गारदीच म्हणायचा. "चल गारदी, झेंडी दाखव." चिमाजीला ते आवडायचं. जाणाऱ्या-येणाऱ्यालाही सांगायचा, आम्ही दोघे एकाच पलटणीतले.

आता खेळ कसा, ते ऐका, नाहीतर पुढचं कळायचं नाही. मराठे उपाशी, म्हणून त्यांनी निम्म्याच कवड्या टाकायच्या. जितक्या उताण्या पडतील तितके शत्रूचे शिपाई आडवे. तोफेचा पल्ला दोरीने मोजायचा, आणि पल्ल्यात असेल ते पुरेशा कवड्या उताण्या पडल्या की उडालं. चिमाजी आपल्या पाळीला एकदा चावी द्यायचा आणि गाडी जिथवर जाईल तिथवर. डब्यांत खरी ज्वारी. ती पानिपतच्या स्टेशनात पोचली की मराठे जेवले, आणि मग त्यांना सगळ्या कवड्या. माझं काम रूळ तोडण्याचं. गारद्यांचं काम मला रुळांपर्यंत पोचू न देण्याचं. सलाउद्दीन ते इतक्या थंडपणे करायचा की मी कैक वर्षं अब्दाली असून त्या रुळांना एकदाही हात लावला नाही. चिमाजी मराठे, तो गारदी, मी अफगाण. तिघांत भांडण एवढंच की चहा कुणाचा.

मग गायधनी वकील आले.

त्या साली एका मंडळाने स्वदेशी प्रदर्शन भरवायचं काढलं होतं, आणि वकील त्या मंडळाचे चिटणीस. कुणीतरी त्यांना या ओसरीविषयी सांगितलं. रविवारी आले, छत्री भिंतीला टेकवली, चष्मा पुसला आणि विटांवरच्या दारांभोवती फिरून फिरून पाहिलं.

"चिमाजीराव, हे प्रदर्शनात ठेवू. मधल्या दालनात. लोकांसमोर लढाईसुद्धा खेळू. पानिपत म्हटलं की तिकिटाला रांग लागेल."

चिमाजीच्या कानांपर्यंत लाली चढली. जन्मभर शेवटच्या डब्यात बसलेला माणूस. मधलं दालन त्याने कधी पाहिलं नव्हतं.

"पण वकीलसाहेब," मी म्हटलं, "गाडी विलायतेची आहे. स्वदेशीत कशी चालेल?"

"त्यावर भगवा रंग मारू. आणि ज्वारी आपलीच आहे ना?" वकील हसले. मग वाकून त्यांनी बोट दाखवलं. "हे कोण, भगव्याखाली?"

"गारदी," सलाउद्दीन म्हणाला.

"गारदी." वकिलांनी बोट मागे घेतलं. "नारायणराव पेशव्यांना भर वाड्यात कापलं ते गारदी."

"ते नंतरचे, साहेब. हे पानिपतावरचे. हे आपल्याकडून..."

"असतील. पण लोकांना शब्द एकच ठाऊक आहे. पोराला विचारा, बाईला विचारा, गारदी म्हणजे मारेकरी. आणि ते भगव्याखाली उभे? मंडप जाळतील माझा." ते चिमाजीकडे वळले. सलाउद्दीन तिथे नसल्यासारखं म्हणाले, "काम फार सुरेख आहे हो याचं. टाकून देऊ नका. अब्दालीकडे ठेवा. निशाण तेवढं हिरवं करायला सांगा. तिकडेच शोभतील."

पडद्याआड वत्सलाबाईचा झारा थांबला.

सलाउद्दीन वकिलांकडे पाहत नव्हता. तो चिमाजीकडे पाहत होता. चिमाजीने एवढंच म्हणायचं होतं, की गारदी हलणार नाहीत, हलले तर गाडीही येणार नाही. नाहीतर थट्टेवारी न्यायचं, की साहेब, गारदी तर मीही आहे, मला कुठे ठेवता? मी मनातल्या मनात चिमाजीच्या तोंडात ते वाक्य घालून पाहिलं. त्याने तोंड उघडलं, पण निघालं भलतंच.

"चार दिवसांचा तर प्रश्न आहे, सलाउद्दीन. शिशाचीच तर माणसं आहेत."

"शिशाचीच आहेत," सलाउद्दीन म्हणाला. "कथील पण आहे थोडं."

"मग? मनावर नको घेऊस."

"नाही घेत. निशाण हिरवं, बास? का दाढ्या पण वाढवू?"

वकिलांना ती तयारी वाटली. ते म्हणाले, दाढ्या असतील तर उत्तमच.

त्याने घरी नेऊन निशाण हिरवं केलं. दुसऱ्या कुणाला ते जमलंही नसतं. खालचा भगवा दिसू नये म्हणून दोन हात द्यावे लागले. मी जवळ बसलो होतो. त्याची बायको मेहरुन्निसा चुलीपाशी होती. ती म्हणाली, "एवढ्या वर्षांनी थोरल्या अब्बांची बदली झाली म्हणायची. बढती आहे का तशीच?"

"तशीच," तो म्हणाला. "जागच्या जागी."

"मग तू जाऊ नकोस ना. दे शिपाई आणि बस घरी."

"माझी माणसं तिकडे उभी राहणार. मी घरी कसा बसू?"

त्याने वकिलांना एकच अट घातली. गारदी अब्दालीकडे, तर अब्दालीकडून तोच खेळणार. वकिलांना त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट बरंच वाटलं. माझं तख्त गेलं. मला कवड्या मोजायला बसवलं.

प्रदर्शनात खादीच्या दालनापुढून माणसांची रांग वळसा घेऊन आमच्यापर्यंत आली होती. लोक इतके दाटले की मागचे पुढच्यांच्या पागोट्यांतून बघत होते. भगव्या इंजिनाला पाहून टाळ्या पडल्या. चिमाजीने गार्डाचा जुना कोट घातला होता, बटणं घासून. सलाउद्दीन समोर, मांडी घालून, टोपी नीट सारखी करून.

मी चिमाजीला आदल्या दिवशीच विचारलं होतं, "अरे, तुझे रूळ आता कोण राखणार?" तो म्हणाला, "सलाउद्दीन काय आपल्या गाडीवर तोफ डागणार आहे?" या जगात त्याचा सगळ्यात मोठा विश्वास याच गोष्टीवर होता, आणि तो त्याने आधीच मोडून खाल्ला होता, हे त्याच्या ध्यानात आलेलं नव्हतं.

चावी दिली. गाडी निघाली, अर्ध्या वाटेवर थांबली. अब्दालीची पाळी. सलाउद्दीनने दोरी घेतली, बापाच्या तोफेपासून रुळांवरच्या पुलापर्यंत ताणली. पल्ल्यात होता. कवड्या टाकल्या. मी मोजल्या, पूल गेला. नियम त्याचेच, चिमाजीचे आणि माझे, तिघांनी मिळून केलेले.

चिमाजी पुढे झुकला आणि हळूच म्हणाला, "अरे, जरा हात आखड. लोक बघताहेत."

"लोक बघताहेत म्हणूनच," सलाउद्दीन म्हणाला. "अब्दाली हात आखडून खेळला, तर म्हणतील बनवाबनवी आहे."

चिमाजी निम्म्या कवड्या टाकत राहिला आणि त्याचं सैन्य आडवं होत राहिलं. ज्वारी पुलाच्या अलीकडे तशीच. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, फार मोठ्याने नाही, सहज, भाजीचा भाव सांगावा तसं: "गारदीच तो. आयत्या वेळी उलटला."

"जात दाखवली," दुसरा म्हणाला.

मग ते शब्द रांगेतून मागे गेले, आणि जे मागे होते, ज्यांना रुळांचा तुकडासुद्धा दिसत नव्हता, त्यांनाही कळलं की गारदी फितूर झाले. वकील खुर्चीवर उभे राहिले. इतिहासाने आपल्याला हाच धडा दिला आहे, असं काहीतरी बोलले. टाळ्या पडल्या, इंजिनाला पडल्या होत्या त्याहून जास्त.

हरला असता तर म्हणाले असते, नेभळट. जिंकला तर हे. त्याला दोन्ही कळत होतं, म्हणून त्याचा चेहरा हललाही नाही. त्याने फक्त दुसऱ्यांदा चिमाजीकडे पाहिलं. या वेळी वकील घरी आलेले पाहुणे नव्हते, मधलं दालन मिळून गेलेलं होतं, घाबरायला काही उरलं नव्हतं. सगळ्या नाशकात एकच माणूस उठून सांगू शकला असता, की बाबांनो, हा कैक वर्षं माझे रूळ राखत आलाय, याला तिकडे आम्ही बसवलं.

चिमाजी खाली वाकला आणि रुळांवरून घसरलेला डबा नीट लावू लागला. तो डबा घसरलेला नव्हता. मी अगदी जवळ होतो.

प्रदर्शन उठलं. दारं विटांवर परतली. पुढच्या रविवारी मला वाटलं होतं, सलाउद्दीन येणार नाही. चिमाजीलाही तेच वाटलं असावं, कारण त्याने सकाळपासून स्वतः मांडामांड केली होती. गारदी मराठ्यांकडे, जुन्या जागी, आणि कुठूनसा भगवा रंग आणून निशाणही परत रंगवलेलं. जाड हाताने, रंग शिपायाच्या नाकावर ओघळून तीळ बुडाला होता. चिमाजीने चहाही आधीच सांगून ठेवला.

सलाउद्दीन आला, नेहमीच्या वेळी. चपला काढल्या, वत्सलाबाईची विचारपूस केली. पाहिलं, आणि एकेक गारदी दोन बोटांत उचलून अब्दालीकडे नेऊन ठेवला. बाप, चुलता, निसार. शेवटी निशाणवाला.

"अरे," चिमाजी म्हणाला, "चार दिवस झाले ना."

"कोणते चार, ते कुठे सांगितलं होतंस?"

"सलाउद्दीन. चुकलं असेल. पण आता परत आणलं ना सगळं?"

"तू नेलंस, तू आणलंस. त्यांना कुणी विचारलं?" तो माझ्याकडे वळला. "सरका जरा. ही माझी बाजू."

मी सरकलो. मला वाटलं चिमाजी गाडी उचलून आत ठेवेल आणि प्रकरण मिटेल. त्याने तसं केलं नाही. त्याने चावी दिली.

आणि त्यानंतर दर रविवारी खेळ झाला. पाऊस असो, ताप असो, दिवाळी असो. सलाउद्दीन यायचा, विचारपूस करायचा, चहा प्यायचा, पूल उडवायचा आणि जायचा. मराठे एकदाही जिंकले नाहीत. चिमाजीने कधी थांबायचं नाव काढलं नाही, कारण न खेळता तो येणार नाही हे त्याला माहीत होतं. आणि खेळताना तरी तो समोर बसायचा. दोघे एकमेकांशी कवड्यांच्या आकड्यांखेरीज बोलत नसत. चिमाजीला तो आता गारदी म्हणत नसे. गार्डसाहेब म्हणायचा.

डब्यांतल्या ज्वारीला पोरकिडे लागले, तेव्हा वत्सलाबाईने ती उकिरड्यावर टाकली आणि नवी भरली.